सिग्नल, सिस्टिम कॉल आणि दोन बाइटची माघार

पाऊस तोंडावर आला की रत्नागिरी ते मालवण पट्ट्यातल्या बर्फाच्या कारखान्यांत आणि मासळीच्या शीतगृहांत तापमान नोंदवणारे छोटे लिनक्स बोर्ड दुरुस्तीला निघतात. तक्रार बहुधा ठरलेली असते. लाइट गेली, बॅटरीच्या पेटीने प्रोग्रामला ‘आता आवर’ म्हणून सिगटर्म हा सिग्नल, म्हणजे थांबण्याची हाक, पाठवला, पण प्रोग्राम काही आवरला नाही. बॅटरी उतरली आणि कार्डावरची शेवटची फाइल अर्धवट राहिली. खापर पेटीवर फुटतं, नाहीतर खाऱ्या हवेवर. आत घडलेलं असतं ते वेगळंच. प्रोग्राम सिरीयल पोर्टवर रीड हा सिस्टिम कॉल (कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, केलेली मागणी) लावून सेन्सरची वाट बघत होता. सिग्नल आला, हँडलरने (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनने) ‘थांबायचं’ हा फ्लॅग उभा केला आणि कर्नलने तोच रीड पुन्हा लावून दिला. लाइट नसल्याने सेन्सरही मेलेला, म्हणजे रीड आता परतणारच नाही. लूपच्या डोक्यावर लिहिलेली फ्लॅगची तपासणी तशीच राहते.

हा रीड पुन्हा कोणी लावायचा, कर्नलने की प्रोग्रामने, हा वाद चाळीस वर्षांहून जुना आहे.

१९७९ च्या युनिक्समध्ये उत्तर सोपं होतं. थांबलेल्या कॉलमध्ये सिग्नल आला की कॉल मोडायचा आणि ईआयएनटीआर, म्हणजे ४ क्रमांकाची चूक, परत द्यायची. पुढचं प्रोग्राम बघून घेईल. त्याही आधीच्या एका संशोधन-प्रणालीत प्रोग्रामचा पत्ता, म्हणजे पुढची सूचना कुठे आहे तो आकडा, मागे नेऊन कॉल नव्याने करण्याची सोय होती. ती खटपट युनिक्सने अंगाला लावून घेतली नाही. हँडलर एकदा चालला की सिग्नलची नेमणूक मूळपदावर जायची, हा त्या काळचा आणखी एक ताप. तो पुढे मिटला, म्हणून त्यात अडकत नाही.

खरी मेख १९८३ ची. युनिक्सच्या विद्यापीठातल्या शाखेने सिग्नल भरवशाचे केले आणि त्याच झटक्यात ठरवलं की मोडलेले कॉल कर्नलनेच आपोआप पुन्हा सुरू करावेत. कारण पटण्यासारखं होतं: प्रत्येक रीड-राइटभोवती ईआयएनटीआर तपासणारं वेटोळं कोणी घालत नव्हतं आणि प्रोग्राम विनाकारण पडत होते. पण अलार्म लावून रीडला मुदत घालणारे प्रोग्राम या निर्णयाने गाळात गेले. अलार्म वाजायचा, हँडलर चालायचा आणि रीड पुन्हा झोपायचा. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच शाखेला एखाद्या सिग्नलपुरतं हे पुनरारंभाचं वळण बंद करण्याची सोय द्यावी लागली. दुसऱ्या, व्यापारी शाखेने ईआयएनटीआर सोडलाच नाही. युनिक्सच्या शाखांना एका नियमात बसवू पाहणाऱ्या १९८८ च्या पॉसिक्स मानकाने दोघांनाही दुखवायचं टाळलं: पुनरारंभ करायला हरकत नाही, पण सक्तीही नाही. त्या गुळमुळीत वाक्याची किंमत आपण आजही मोजतो, असं माझं मत आहे. पुढे एसए_रीस्टार्ट हा फ्लॅग आला आणि निवड सिग्नलागणिक करता येऊ लागली. पण लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत साधं ‘सिग्नल’ फंक्शन वापरलं की हा फ्लॅग न मागता लागतो. कॉलेजात शिकवतात तेही तेच फंक्शन. शीतगृहातल्या बोर्डाचं मूळ दुखणं हे.

पुनरारंभ प्रत्यक्षात कसा होतो, ते असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांच्या पातळीवर, उतरल्याशिवाय कळत नाही. लिनक्स कर्नल आत ५१२ सारखा एक खासगी आकडा परत देतो. तो प्रोग्रामपर्यंत कधी पोहोचत नाही. बाहेर पडताना कर्नल बघतो की हँडलर आहे का आणि पुनरारंभ मागितला आहे का. नसेल मागितला, तर ईआयएनटीआर. मागितला असेल, तर कॉलचा क्रमांक रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) परत ठेवतो आणि पत्ता दोन बाइट मागे नेतो. एक्स८६ प्रोसेसरवर कर्नलमध्ये शिरायच्या ‘इंट ८०’, ‘सिसएंटर’ आणि ‘सिसकॉल’ या तिन्ही सूचना दोन-दोन बाइटच्याच असल्याने हे जमतं. आर्मवर माघार सहसा चार बाइटची असते; शिवाय पहिला अर्ग्युमेंट (कॉलला दिलेलं मूल्य) आणि निकाल एकाच रजिस्टरमध्ये येत असल्यामुळे मूळ मूल्य वेगळं जपून ठेवावं लागतं.

२००२ च्या अखेरीस या दोन बाइटची खरी परीक्षा झाली. पेंटियम ४ वर ‘इंट ८०’ फारच संथ चालत होतं, म्हणून ‘सिसएंटर’ वापरायचं ठरलं. ही सूचना परतीचा पत्ताच जपत नाही. मग कर्नलने प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचं एक पान जोडून दिलं आणि परतीची जागा त्या पानात कायमची पक्की केली. स्टॅकचा (प्रोग्रामच्या तात्पुरत्या साठ्याचा) पत्ता ईबीपी या रजिस्टरमध्ये ठेवायचा. ईबीपीतला सहावा अर्ग्युमेंट आधी स्टॅकवर ढकलायचा. कर्नल तो तिथून उचलणार. आता सिग्नल आला आणि पत्ता दोन बाइट मागे गेला, तर? ईबीपीमध्ये आता स्टॅकचा पत्ता नसतो, सहावा अर्ग्युमेंट बसलेला असतो. थेट ‘सिसएंटर’ पुन्हा चालवलं तर कर्नल त्यालाच स्टॅक समजेल. तोडगा असा निघाला: ‘सिसएंटर’नंतर सात नॉप (काहीच न करणाऱ्या सूचना) आणि परतीच्या जागेच्या बरोबर आधी दोन बाइटची एक उडी, जी ईबीपी पुन्हा भरणाऱ्या ओळीवर जाते. एरवी ही उडी कधीच चालत नाही. दोन बाइट मागे आलेला प्रोग्रामच तिच्यावर पडतो. काही वर्षांनी त्या उडीच्या जागी सरळ ‘इंट ८०’ बसवण्यात आलं, कारण त्याला सहावा अर्ग्युमेंट ईबीपीमध्येच हवा असतो. लिनक्समध्ये यापेक्षा चलाख दोन बाइट मी तरी पाहिलेले नाहीत.

त्याच सुमारास मुदतीचे कॉलही मार्गी लागले. दहा सेकंदांची झोप नवव्या सेकंदाला मोडली आणि पुन्हा दहापासून सुरू झाली, तर हिशेब बिघडतो. म्हणून उरलेली मुदत कर्नल स्वतःकडे टिपून ठेवतो आणि प्रोग्रामकडून ‘रीस्टार्ट सिसकॉल’ नावाचा वेगळाच कॉल करवून घेतो.

तरी एक फट राहिलीच. प्रोग्रामने ‘थांबायचं’चा फ्लॅग तपासला, तो शून्य निघाला, आणि पुढची सूचना ‘सिसकॉल’ आहे. एक पाय धक्क्यावर, एक होडीत, अशा त्या क्षणी सिग्नल आला तर हँडलर फ्लॅग उभा करतो, परततो आणि प्रोग्राम निवांत जाऊन झोपतो. इथे मोडायला कॉलच नसतो, त्यामुळे ईआयएनटीआरचाही उपयोग नाही. २००६ मध्ये लिनक्सला पीसिलेक्ट आणि पीपोल हे वाट बघण्याचे दोन कॉल मिळाले. सिग्नलचा मास्क (कोणते सिग्नल अडवायचे ती यादी) बदलणं आणि वाट बघणं कर्नल एका दमात करू लागला. पण ही सोय अशा मोजक्या कॉलपुरती. थ्रेड (प्रोग्राममधला समांतर चालणारा धागा) रद्द करण्याच्या कामात कुठलाही थांबणारा कॉल येऊ शकतो.

तिथे उत्तर असेंब्लीतूनच आलं. २०११ मध्ये एका छोट्या सी लायब्ररीने सिस्टिम कॉलचा वेष्टन-तुकडा हाताने लिहिला: सुरुवातीला एक लेबल (जागेची खूण), ‘सिसकॉल’च्या लगेच पुढे दुसरं. हँडलर जपलेला आरआयपी, म्हणजे पुढच्या सूचनेचा पत्ता, बघतो. तो दोन लेबलांच्या मध्ये असेल तर कॉल अजून झालेला नाही. आरआयपी बदलून रद्द करण्याच्या वाटेला लावायचं. दुसऱ्या लेबलावर किंवा पुढे असेल तर निकाल हाती आलेला आहे, त्याला हात लावायचा नाही, नाहीतर नुकतीच उघडलेली फाइल बेवारस होते. कर्नलने दोन बाइट मागे आणलेला कॉल आपसूक ‘मध्ये’ मोजला जातो, ही यातली गंमत. सी कंपायलर त्या दोन लेबलांमध्ये काय घुसडेल याचा भरवसा नाही, म्हणून हा तुकडा असेंब्लीतच लागतो. मोठ्या लायब्ररीत याच फटीची तक्रार २०११ पासून नोंदलेली होती. दुरुस्ती आत जायला २०२४ उजाडलं.

सूचनांच्या पट्ट्यावरून निवाडा करण्याची कल्पना २०१८ मध्ये ४.१८ आवृत्तीच्या कर्नलनेही उचलली. त्या पट्ट्यात सिग्नल आला की कर्नल स्वतःच प्रोग्रामला ठरलेल्या पत्त्यावर नेतो. मात्र पट्ट्याच्या आत सिस्टिम कॉल करायला मनाई आहे, त्यामुळे वेष्टन-तुकड्याला तो पर्याय होत नाही.

शीतगृहातल्या बोर्डाला एवढं सगळं लागतही नाही. ‘सिग्नल’ऐवजी सिगअ‍ॅक्शन हे फंक्शन, एसए_रीस्टार्ट वगळलेला, सिगटर्म एरवी अडवून ठेवलेला आणि रीडच्या आधी पीपोल, एवढ्यावर भागतं.