‘बिलीव्ह’ आणि ‘ट्रस्ट’: मित्रावरचा विश्वास इंग्रजीत सांगताना

‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ हे एकच वाक्य मराठीत दोन अगदी निराळ्या प्रसंगी चालते, आणि म्हणूनच इंग्रजी शिकणाऱ्याची ‘बिलीव्ह’ आणि ‘ट्रस्ट’ या क्रियापदांत गल्लत होते. मैत्रीण उशिरा आली आणि ‘ठाण्याच्या अलीकडे लोकल अर्धा तास थांबली होती’ असे म्हणाली, तर ‘आय बिलीव्ह यू’ हे उत्तर योग्य ठरते, कारण तेथे प्रश्न तिचे सांगणे खरे की खोटे एवढाच असतो. ‘ट्रस्ट’ मात्र त्या माणसाविषयी, त्याच्या सचोटीविषयी बोलते. ज्याच्या हाती घराच्या किल्ल्या निर्धास्तपणे देता येतात, त्याच्याबद्दल ‘आय ट्रस्ट हिम विथ माय कीज’ असे म्हणतात. उसने पैसे तो परत करीलच अशी खात्री असेल, तर ‘आय ट्रस्ट हिम टू पे मी बॅक’.

हा फरक नकारार्थी वाक्यांत सर्वांत तीव्रतेने जाणवतो. ‘आय डोन्ट बिलीव्ह यू’ म्हणजे तुझे हे म्हणणे मला खरे वाटत नाही, आणि मित्रामित्रांत ते हसत हसतही म्हटले जाते. ‘आय डोन्ट ट्रस्ट यू’ हे वाक्य मैत्रीच्या मुळावरच येते. एखाद्या थापेबद्दल शंका आली म्हणून ते कोणाला ऐकवू नये, कारण ऐकणाऱ्याला ते आपल्या चारित्र्यावरचे बोट वाटते. उलट ‘आय ट्रस्ट हर, बट आय डोन्ट बिलीव्ह धिस स्टोरी’ असे म्हणण्यात कोणतीही विसंगती नाही: मैत्रीण भरवशाची आहे, फक्त हा किस्सा तिने फुगवून सांगितला असावा.

मराठीतल्या ‘वर’मुळे ‘आय ट्रस्ट ऑन यू’ असे सर्रास ऐकू येते. ते चूक आहे. ‘ऑन’ लागतो ‘रिलाय’ आणि ‘डिपेंड’ यांना. ‘बिलीव्ह’पुढे ‘इन’ आला की मात्र अर्थ पालटतो, आणि स्पर्धा परीक्षेला निघालेल्या मित्राला ‘आय बिलीव्ह इन यू’ म्हटले, की तू हे करून दाखवशील असा धीर त्याला मिळतो.

विशेषणांतही असाच धोका आहे. ‘विश्वासू मित्र’ म्हणजे ‘ट्रस्टवर्दी फ्रेंड’. ‘ट्रस्टिंग फ्रेंड’ म्हटले तर इतरांवर चटकन विश्वास टाकणारा, सहज फसवला जाऊ शकेल असा मित्र डोळ्यांपुढे येतो.