कर्नल हेडर आणि सी लायब्ररी यांचा मेळ

लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम कर्नलशी, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याशी, थेट बोलत नाहीत. मध्ये सी लायब्ररी, म्हणजे सी भाषेतल्या तयार फंक्शनांचा संच असतो, बहुधा ग्लिबसी. सिस्टिम कॉलचे (कर्नलकडे काम मागण्याच्या विनंत्यांचे) क्रमांक, स्ट्रक्चरांची (एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यांची) मांडणी हे सारे कर्नलच्या हेडर फाइलींत, म्हणजे जाहीरनाम्यांच्या फाइलींत, लिहिलेले असते आणि लायब्ररी कंपाइल होताना त्याच फाइली वाचते. म्हणून ‘यूएसआर/इन्क्लूड’खालच्या ‘लिनक्स’ आणि ‘एएसएम’ या फोल्डरांतल्या हेडर फाइली लायब्ररीला जुळणाऱ्या असाव्या लागतात. चालू कर्नलच्या असण्याची गरज नसते.

पूर्वी ही फोल्डर म्हणजे कर्नलच्या सोर्सकडे नेणारी नुसती सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद, असे. कर्नल बदलला की पायाखालची हेडर बदलत, लायब्ररी मात्र जुन्याच मांडणीवर उभी राही. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी २००० सालीच ही पद्धत चुकीची असल्याचे बजावले होते. तरीही कर्नलची अंतर्गत हेडर आणि बाहेरच्या प्रोग्रामांसाठीची हेडर एकाच ढिगात राहिली. २००६ मध्ये कर्नलच्या २.६.१८ या आवृत्तीत बाहेर द्यायची हेडर गाळून काढण्याची सोय आली. २०१२ च्या ३.७ मध्ये कर्नल-विकासक डेव्हिड हॉवेल्स यांच्या कामातून बाहेर द्यायच्या हेडरांसाठी ‘यूएपीआय’ हे स्वतंत्र फोल्डरच झाले. माझ्या मते खरी सुटका या विभागणीने केली.

मेळ तंतोतंत असण्याची गरज नसते, कारण जुने सिस्टिम कॉल मोडायचे नाहीत हे कर्नलचे ब्रीद आहे. जुन्या हेडरांवर बांधलेली लायब्ररी नव्या कर्नलवर चालते. नव्या सोयी तेवढ्या तिला दिसत नाहीत. उलट दिशेने, हेडर नवे आणि कर्नल जुना असेल, तर नवा कॉल ‘ईनोसिस’ (असा कॉल नाही) ही चूक घेऊन परततो, आणि ती सांभाळणे लायब्ररीचे किंवा प्रोग्रामचे काम ठरते. ग्लिबसी बांधताना ती चालण्यासाठीची कर्नलची किमान आवृत्ती ठरवता येते.

गोंधळ वाढतो तो पॅकेजांच्या नावांमुळे. फेडोरा या लिनक्स वितरणात ‘कर्नल-हेडर्स’ हे सी प्रोग्रामांसाठी असते, मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) बांधायला ‘कर्नल-डेव्हल’ लागते. डेबियन या दुसऱ्या वितरणात मात्र ‘लिनक्स-हेडर्स’ मॉड्यूलसाठी आणि ‘लिनक्स-लिबसी-डेव्ह’ प्रोग्रामांसाठी. चालू कर्नलशी जुळवायचे ते फक्त मॉड्यूलचे हेडर.

कर्नल आणि लायब्ररी या दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट जाहीर केली तरी अडचण होते. २०२२ मध्ये ग्लिबसी २.३६ च्या ‘सिस/माउंट’ हेडरमध्ये जी नावे आली, ती कर्नलच्या ‘लिनक्स/माउंट’मध्ये आधीच होती. दोन्ही हेडर घेणारे प्रोग्राम कंपाइल होईनात; पुढे दुरुस्ती ग्लिबसीत करावी लागली.