आंतरसंसदीय सहकार्य

निरनिराळ्या देशांच्या कायदेमंडळांतील सदस्यांनी युद्ध, निःशस्त्रीकरण, हवामानबदल, मानवी हक्क अशा एकट्या देशाला न सुटणाऱ्या प्रश्नांवर आपसांत केलेला विचारविनिमय आणि त्याआधारे मायदेशी केलेली कृती. राजदूत सरकारच्या आदेशाने बोलतो. संसद-सदस्यावर तसे बंधन नसते आणि पुष्कळदा तो विरोधी बाकांवरचा असतो.

संघटित स्वरूपातील प्रारंभाबद्दल एकमत नाही. स्पेनचे सिनेटर आर्तुरो दे मार्कोआर्तू यांनी १८७० नंतरच्या दशकात संसद-सदस्यांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीची कल्पना मांडली होती. पण ती कागदावरच राहिली. ब्रिटिश कामगार पुढारी व खासदार विल्यम रँडल क्रेमर यांनी १८८७ मध्ये दोनशेहून अधिक ब्रिटिश खासदारांच्या सह्यांचे निवेदन अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलंड यांच्यापुढे ठेवले. दोन्ही देशांतील तंटे लवादाने सोडवावेत, ही त्यातील मागणी. फ्रान्समध्ये अर्थशास्त्रज्ञ व संसद-सदस्य फ्रेदेरिक पासी याच दिशेने प्रयत्न करीत होते. ३१ ऑक्टोबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये या दोघांच्या पुढाकाराने ब्रिटिश व फ्रेंच सदस्यांची बैठक झाली. काही लेखक हाच आरंभ मानतात. तथापि ती दोनच देशांपुरती होती. नऊ देशांतील सु. ९५ सदस्य जमले ते जून १८८९ मध्ये, पुन्हा पॅरिसमध्येच. त्यामुळे १८८९ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक दिसते. या बैठकीतून उभा राहिलेला आंतरसंसदीय संघ, म्हणजे संसदांची आंतरराष्ट्रीय संघटना, हाही आपली स्थापना ३० जून १८८९ ची मानतो. श्रेयाच्या वादात ब्रिटिश ग्रंथकार क्रेमर यांना, तर फ्रेंच ग्रंथकार पासी यांना झुकते माप देतात. नोबेल समितीने दोघांनाही शांतता पारितोषिक दिले : पासी यांना १९०१ मध्ये (आंरी द्यूनां यांच्यासह) आणि क्रेमर यांना १९०३ मध्ये.

आरंभीच्या संघाचा विषय जवळजवळ एकच होता, लवाद. १८९५ च्या ब्रुसेल्स परिषदेने कायम लवाद न्यायालयाचा आराखडा मंजूर करून तो सरकारांकडे पाठविला. असे न्यायालय १८९९ च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय शांतता परिषदेतील करारान्वये अस्तित्वात आले. आराखड्याचा त्यावर नेमका किती प्रभाव पडला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १८९६ च्या बुडापेस्ट परिषदेस हजर असलेल्या एका रशियन अधिकाऱ्याच्या वृत्तांतातून रशियाच्या झारला हेग परिषदेची कल्पना सुचली, असेही सांगितले जाते. तो धागा मात्र पातळ आहे. १९०६ च्या लंडन परिषदेच्या तोंडावर झारने ड्यूमा (रशियाची संसद) विसर्जित केली, तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान कॅम्बेल-बॅनरमन भाषणात फ्रेंचमध्ये म्हणाले, ‘ड्यूमा मेली, ड्यूमा चिरायू होवो!’ यजमान सरकारला हे वाक्य राजनैतिक दृष्ट्या बरेच अडचणीचे ठरले.

संघाचे कार्यालय आधी बर्नला, मग ब्रुसेल्सला होते. पहिल्या महायुद्धात सरचिटणीस क्रिस्तियान लांगे यांनी ते ऑस्लोहून चालविले आणि १९२१ मध्ये ते जिनीव्हाला आले. लांगे यांनाही त्याच वर्षी नोबेल मिळाले. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत संघाला निरीक्षक दर्जा लाभला. राष्ट्रकुल संसदीय संघटना (१९११, सध्याचे नाव १९४८ पासून) आणि युरोप परिषदेची संसदीय सभा (१९४९) यांचे क्षेत्र मर्यादित आहे.

या संस्थांचे ठराव सरकारांवर बंधनकारक नसतात, यावरून त्यांना गप्पांचे अड्डे म्हणणे सोपे आहे. पण खरा जोर अन्यत्र असतो : अंदाजपत्रक, कायदा आणि करारांची मान्यता. तेथेही देशागणिक फरक पडतो. अमेरिकेत करारासाठी सिनेटची दोन-तृतीयांश संमती लागते. भारतात करार करणे हे कार्यकारी मंडळाचे काम असून अंमलबजावणीसाठी कायदा हवा असेल तरच संसदेचा संबंध येतो (अनुच्छेद २५३). त्यामुळे शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांविषयी २०१५ मध्ये हनोई येथे झालेल्या संघाच्या जाहीरनाम्याचा प्रत्यक्ष उपयोगही त्या त्या संसदेच्या अधिकारांवर अवलंबून राहतो. संसद-सदस्यांच्या मानवी हक्कांसाठी संघाने १९७६ मध्ये नेमलेल्या समितीचे काम अधिक ठोस आहे. ती अटक, छळ किंवा अपात्रतेची प्रकरणे एकेका सदस्यागणिक पाहते.

संघाच्या सदस्य-संसदांची संख्या आता १८० च्या वर आहे. १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे संघाची परिषद झाली आणि तिच्या मागणीवरून अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी दुसऱ्या हेग परिषदेसाठी पुढाकार घेतला. त्याच देशाची काँग्रेस मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून संघाबाहेर आहे.