काळी माती फुगते, कालवा फुटतो

यल्लम्माचं दर्शन करून परत येताना सौंदत्ती भागातल्या एका कालव्यात उतरलो. आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, बंद होतं. काँक्रीटच्या अस्तराची एक फरशी मधूनच उचलली गेलेली, जोडात गवत, आणि फटीत माझा अख्खा पंजा गेला. आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवणारी मलप्रभा नविलुतीर्थला अडवली जाते, आणि तिचं पाणी पुढे असल्या फटींतून जिरतं.

काँक्रीट हलक्या प्रतीचं असणार, असं आपण लगेच म्हणतो. पण खालची काळी माती बघा. प्रयोगशाळेत चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम दोन नळ्यांत घेतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. २४ तासांनी रॉकेलमधली माती आहे तेवढीच, पाण्यातली मात्र चांगली वर चढलेली. काळ्या मातीतल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाचे कण म्हणजे एकावर एक रचलेले पातळ पापुद्रे. पाणी त्यांच्यामध्ये शिरून त्यांना दूर लोटतं. रॉकेलला ते जमत नाही. कालव्याला पाणी सुटलं की माती फुगते, बंद झालं की आकसते. वर्षानुवर्षं हेच चालू. काही इंचांचं अस्तर किती सोसणार?

उपाय सापडलेला आहे, आणि त्यात आपल्या मलप्रभेचा वाटा आहे याचा मला फार आनंद वाटतो. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी इथल्या कालव्यांच्या काळ्या मातीचा अभ्यास केला. ती पूर्ण भिजली तरी साधारण मीटरभर खोलीच्या खाली फुगत नाही, कारण वरच्या थरात तयार होणारी चिकट पकड तिला धरून ठेवते. मग तशीच पकड असलेला, पण स्वतः न फुगणारा चिकट मुरूम अस्तराखाली थराथराने दाबून भरायचा. वाळू चालत नाही, तिला पकडच नसते.

ऑगस्ट २०२४मध्ये तुंगभद्रा धरणाचा १९ नंबरचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला. तेव्हापासून जुन्या धरणांची काळजी सगळ्यांनाच लागली, ती लागायलाच हवी होती. जागतिक बँकेच्या मदतीने चालणाऱ्या केंद्राच्या धरण पुनर्वसन योजनेचा दुसरा आणि तिसरा टप्पा २०२०मध्ये मंजूर झाला: ७३६ धरणं, १०,२११ कोटी रुपये. पण हा पैसा धरणांचा. कालव्याला वेगळी तरतूद लागते, आणि काम दोन आवर्तनांच्या मधल्या दिवसांतच उरकावं लागतं. मुरूम लांबून आणण्यापेक्षा फुटक्या फरशीवर नवं काँक्रीट ओतून मोकळं व्हायचा मोह तिथेच होतो. म्हणून दुरुस्तीचं एस्टिमेट हाती आलं, तर मी रकमेआधी त्यात मुरूम शोधेन.

त्या फरशीखालचं ढेकूळ घरी आणून वाळवलं, कुटलं, आणि काचेच्या ग्लासात चार बोटं भरून वर पाणी ओतलं. सकाळी माती सहा बोटांवर आली होती.