काचनळीतली स्पर्धा आणि किनाऱ्यावरची

ज्यांच्या गरजा सारख्या, त्यांचीच एकमेकांना आडकाठी. म्हणून जवळच्या नात्यातल्या प्रजातींमध्ये जीवनकलह सर्वांत तीव्र असतो, असे डार्विनने १८५९ मध्ये लिहिले. त्याचे गणित मात्र फार उशिरा मांडले गेले, आणि त्याला निमित्त झाले मासळीबाजारातले एक कोडे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी थंडावली, तेव्हा बाजारातल्या मासळीत शार्कसारख्या भक्षक माशांचे प्रमाण वाढलेले प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो दांकोना यांना दिसले. कोडे त्यांनी आपले सासरे, गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवले. १९२६ मध्ये व्होल्तेरांची समीकरणे आली: एकत्र राहणाऱ्या प्रजाती, भक्ष्य-भक्षक असोत वा प्रतिस्पर्धी, एकमेकींमुळे संख्येने कशा घटतात-वाढतात हे सांगणारी. अमेरिकेत आल्फ्रेड लोट्का स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते.

समीकरणे खरी ठरतात का, हे मॉस्कोत जीवशास्त्रज्ञ गेओर्गी गाउझ यांनी पॅरामेशियम या एकपेशीय सूक्ष्मजीवावर तपासले. एकाच अन्नावर वाढवलेल्या दोन प्रजातींपैकी 'ऑरेलिया' टिकली, 'कॉडेटम' संपली. १९३४ मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा गाउझ जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचे होते. त्यांचाच दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, पण त्याची आठवण कमी निघते: 'कॉडेटम'सोबत 'बर्सेरिया' ठेवली, तर दोन्ही टिकतात. एक वरच्या द्रवात चरते, दुसरी तळाशी.

काचनळीत भरती-ओहोटी नसते, शिकारीही नसतो. स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर जोसेफ कॉनेल यांनी बार्नेकलच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांच्या, दोन प्रजाती निरखल्या. खालच्या पट्ट्यातली बॅलॅनस खरवडून काढली, की एरवी वरच राहणारी थॅमॅलस खालीही नीट जगत होती. म्हणजे तिला खालून हुसकावणारी स्पर्धाच होती. बॅलॅनसला वर चढू न देणारा मात्र कोणी प्रतिस्पर्धी नव्हता. ओहोटीत कोरडे पडणेच तिला सोसत नव्हते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी याहून धाडसी प्रयोग केला. खडकाच्या एका पट्ट्यातून ते तारामासे उचलून समुद्रात फेकत राहिले. तारामासे शिंपल्यांना खातात. ते गेल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि तिथल्या प्रजाती १५ वरून ८ वर आल्या. भक्षक होता तोवर दुबळ्यांनाही जागा होती.

तरीही सत्तरच्या दशकात, कोणते पक्षी कोणत्या बेटावर नाहीत एवढ्या याद्यांवरून स्पर्धेचे नियम काढण्याची लाट आली. १९७९ मध्ये कॉनर आणि सिंबरलॉफ यांनी आक्षेप घेतला की अशी मांडणी निव्वळ योगायोगानेही होऊ शकते. वाद कडवट झाला, वर्षानुवर्षे चालला. त्यातून प्रजात हटवून पाहण्याच्या प्रयोगांचे वजन वाढले, आणि नुसत्या याद्या पुरावा म्हणून पुढे करणे अवघड झाले.