फिजिओथेरपीला ॲडमिशन : मार्क असतात, पण कागद नसतो

सगळ्यात आधी नीटचं बोलू, कारण बरीच पोरं इथंच पहिल्या पायरीवर बाहेर पडतात. महाराष्ट्रात फिजिओथेरपीला, म्हणजे बीपीटीएच या डिग्रीला, नीट ही देशपातळीवरची मेडिकलची प्रवेश परीक्षा लागते. एमएचटी-सीईटी चालत नाही. पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुपची सीईटी फार्मसी, ॲग्रीला उपयोगाची, फिजिओला तिचा काही उपयोग नाही, मग पर्सेंटाईल ९८ असू दे नाहीतर ९९. पोरगं वर्षभर सीईटीचा क्लास लावतं, मार्क चांगले पाडतं, आणि जूनमध्ये येऊन विचारतं, सर फिजिओचा फॉर्म कधी सुटतोय? त्याला काय सांगायचं तेच कळत नाही हो. नीट मे महिन्यात होऊन गेलेली असते आणि तिचा फॉर्म त्याच्या कितीतरी आधी, बारावीच्या बोर्डाच्या गडबडीत भरायचा असतो. बारावीचा निकाल लागू दे मग बघू असं म्हणणाऱ्याचं वर्ष गेलंच. आणि नीट एमबीबीएसवाल्यांसाठी, आपल्याला फक्त फिजिओ करायचंय, हा गैरसमज तर डोक्यातून काढूनच टाका.

दुसरं म्हणजे नीटचा फॉर्म आणि राज्याच्या सीईटी सेलचं, म्हणजे ॲडमिशन करणाऱ्या सरकारी ऑफिसचं, रजिस्ट्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीटचा निकाल लागल्यावर सेलच्या साईटवर नव्याने फॉर्म भरायचा, फी भरायची, कागद अपलोड करायचे, तेव्हा कुठं मेरिट लिस्टमध्ये नाव येतं. नीट दिली म्हणजे आपोआप नंबर लागत नाही.

आता बारावीचे मार्क. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्हीत पास, इंग्लिशमध्ये पास, आणि पीसीबी मिळून ओपनला ५० टक्के म्हणजे ३०० पैकी १५०, मागास प्रवर्गांना ४० टक्के म्हणजे १२०. हे वाक्य सगळे वाचतात पण मार्कशीटवर हिशोब करून बघत नाहीत. एकूण ६४ टक्के पडलेला मुलगा पेढे वाटून येतो आणि आपण पीसीबीची बेरीज करतो तर ४९, ४७, ५१, झाले १४७. ओपनचा असेल तर तीन मार्कांनी संपलं. मॅथ्स, मराठी, इंग्लिशचे मार्क या बेरजेत धरत नाहीत. ईडब्ल्यूएसवाल्यांनी, म्हणजे ओपनमधल्या कमी उत्पन्नवाल्यांनी, खास लक्षात ठेवा, तुम्हाला जागांत आरक्षण आहे, या १५० मध्ये सूट नाही. बायफोकलला (व्होकेशनल विषयाला) बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घेतलेल्यांना तर इथं दारच बंद आहे, तेव्हा अकरावीला विषय निवडतानाच हे बघायला पाहिजे. वयाचं सोपं आहे, ॲडमिशनच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण पाहिजेत.

आता जो मुद्दा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच जास्त चावतो त्यावर येतो. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी डोमिसाईल तर पाहिजेच, पण दहावी आणि बारावीसुद्धा महाराष्ट्रातून पाहिजे. चंदगडच्या लोकांना बेळगाव कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ, कागलवाल्यांना निपाणी हाकेच्या अंतरावर. दहावी गावात होते आणि अकरावी-बारावीला पोरगी बेळगावला मावशीकडे राहते, तिथं कॉलेज चांगलं आहे म्हणून. आईबाप इथले, सातबारा इथला, रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं, आणि बारावी मात्र कर्नाटकची. झालं, राज्य कोट्यातून नाव बाहेर. बदलीवाल्या सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे काही सवलती आहेत त्या माहितीपत्रकात बघा, पण शेतकऱ्याच्या पोरीला मावशीकडे राहिली म्हणून सवलत नाही. मला हा नियम सीमेवरच्या लोकांवर अन्याय करणारा वाटतो, मुंबई-पुण्यात बसून नियम करणाऱ्याला चंदगड नकाशावर कुठं आहे ते बघायला काय हरकत आहे? पण नियम बदलेपर्यंत तरी दहावीनंतर पोरगी बेळगावला पाठवायच्या आधी दोनदा विचार करा. पलीकडच्या बाजूला, म्हणजे कर्नाटकातल्या त्या ८६५ वादग्रस्त गावांतल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, तिचे दाखले वेगळे, अटी वेगळ्या. चंदगडची पोरगी त्यात बसत नाही, कारण ती महाराष्ट्रातलीच.

डोमिसाईलवरून अजून एक घोटाळा. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला म्हणजे डोमिसाईल नव्हे. पाहिजे तो 'वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्व' असं लिहिलेला दाखला, तहसील ऑफिसचा, सेवा केंद्रातून नाहीतर आपले सरकार पोर्टलवरून काढायचा. त्याला महाराष्ट्रात ठरावीक वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, शाळेचे दाखले त्याला चालतात. जूनमध्ये सगळा जिल्हा एकदम सेवा केंद्रात गर्दी करतो, सर्व्हर बसतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच काढून ठेवा की.

आता व्हॅलिडिटी. जातीचा दाखला आहे हो आमच्याकडे, असं छातीठोक सांगतात, पण जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं. राखीव जागेवर बसायला दोन्ही लागतात. कोल्हापूरची समिती विचारे माळला सामाजिक न्याय भवनात आहे, एसटीवाल्यांची समिती वेगळी, त्यांना पुण्याला जावं लागतं. अर्ज ऑनलाईन, त्याला कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र लागतं आणि सायन्सला अकरावीत असतानाच अर्ज टाकता येतो. वेळ जातो तो पुराव्यात. एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा घरातला जातीचा कागद पाहिजे. म्हणजे वडिलांचा दाखला बहुतेक वेळा पुरत नाही, आजोबांचा लागतो. आजोबा दुसरीतनं शाळा सोडून गुरं राखायला गेले असतील तरी त्या गावच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं, हेडमास्तरांना अर्ज देऊन त्यातला उतारा घ्या. आणि उतारा हातात पडल्यावर तिथंच उभं राहून वाचा, आडनाव काय लिहिलंय, जातीच्या रकान्यात काय लिहिलंय, कारण एका अक्षराचा फरक निघाला तर प्रकरण दक्षता पथकाकडं जातं आणि मग महिने जातात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली जन्म-मृत्यूची नोंद, गाव नमुना १४, मागा. जुनी नोंद मोडीत असली तर जाणकाराकडून वाचून भाषांतर करून घ्यावं लागतं. चुलतभावाची किंवा आत्याची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर मात्र काम बरंच हलकं होतं, तेव्हा भावकीत भांडण असलं तरी ते बाजूला ठेवून त्यांच्याकडं झेरॉक्स मागायला जा. पोरीच्या ॲडमिशनपुढं बांधाचं भांडण मोठं नाही.

अर्ज केल्याच्या पावतीवर चालतं असं कुणीतरी सांगतं आणि लोक निवांत बसतात. पावतीची सवलत एखाद्या वर्षी निघते, तिच्यावर पोराचं वर्ष लावू नका.

नॉन क्रिमिलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला, त्याची भानगड तारखेची आहे. एससी, एसटीला तो लागत नाही, बाकी ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी सगळ्यांना लागतो. लोक म्हणतात फेब्रुवारीतच काढलाय, वर्षभर चालेल. नाही चालत. दाखल्यावर खाली वैधतेची तारीख छापलेली असते, ती ३१ मार्चला संपते, आणि ॲडमिशन असतात पावसाळ्यात. पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा दाखला पाहिजे. ईडब्ल्यूएसचंही तसंच, दरवर्षी नवा, आणि राज्याच्या नमुन्यातला. केंद्राच्या नमुन्यातला काढून आणलेले दरवर्षी भेटतात, सेवा केंद्रातल्या पोराने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

बाकीचे कागद, म्हणजे दहावी-बारावीची मार्कशीट, नीटचं ॲडमिट कार्ड आणि निकाल, लिव्हिंग सर्टिफिकेट, आधार, मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट, आणि मेडिकल फिटनेस. फिटनेस तेवढं माहितीपत्रकातला नमुना छापून नेऊनच डॉक्टरांकडून भरून घ्या, साध्या लेटरहेडवरचं परत येतं.

शिवाजी विद्यापीठात फिजिओ आहे का, असं बरेच विचारतात. राज्याच्या कोट्यातली कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. आपल्या कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील आणि कराडचं कृष्णा ही अभिमत विद्यापीठं आहेत, त्यांचा फॉर्म वेगळा, माहितीपत्रक वेगळं, तारखाही वेगळ्या, सीईटी सेलमध्ये फॉर्म भरला म्हणून तिथं भरला असं होत नाही. आणि इथं फीचा मुद्दा येतो जो पालकांना उशिरा कळतो. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅप राऊंडमधून, म्हणजे सीईटी सेलच्या प्रवेश फेरीतून, ॲडमिशन घेतलं तरच. खाजगी अभिमत विद्यापीठात किंवा मॅनेजमेंट कोट्यात ती माफी नाही. घराजवळ आहे, मेसचा खर्च वाचेल, एवढाच हिशोब करून निर्णय घेऊ नका, दोन्हीकडच्या साडेचार-पाच वर्षांच्या फीची बेरीज कागदावर मांडून बघा आणि मग ठरवा.

नंबर लागल्यावर जॉइनिंगला दिवस थोडे मिळतात, आणि कॉलेज ओरिजिनल कागद जमा करून घेतं, म्हणून जायच्या आधी सगळ्याच्या रंगीत स्कॅन कॉपी आणि दोन-तीन ॲटेस्टेड सेट घरी काढून ठेवा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म त्यानंतर भरायचा असतो आणि त्याला हेच कागद परत अपलोड करावे लागतात.