बाजूचं चाक की मागचं? ओक्लावाहा नदीतल्या आगबोटी

चाकाची आगबोट म्हटली की दोन वेगळे प्रकार सर्रास एकात मोजले जातात. फ्लोरिडात दोन्ही होते. जॅक्सनविल ते पलाटका हे सेंट जॉन्स नदीचं पात्र ऐसपैस, तिथे दोन्ही कुशींना चाकं असलेल्या बोटी चालत. पलाटकाहून सिल्व्हर स्प्रिंग्जला जायचं तर वळणावळणाच्या, चिंचोळ्या ओक्लावाहात शिरावं लागे. तिथे मागे एकच चाक असलेली बोट हवी.

कुशीच्या चाकांना स्वतंत्र इंजिनं असतील, तर एक पुढे आणि एक उलटं फिरवून बोट जागच्या जागी वळते. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असली की ही सोय गेली. शिवाय चाकं झाकणाऱ्या पेट्यांनी बोटीची रुंदी वाढते आणि पाण्यात बुडालेलं खोड आधी चाकालाच भिडतं.

मागच्या चाकाला पुढचा सांगाडा आडोसा देतो. दोन्ही बाजूंच्या इंजिनांचे क्रँक, म्हणजे पिस्टनची ये-जा चाकाच्या फिरण्यात बदलणारे दांडे, एकमेकांशी काटकोनात बसवतात, म्हणजे एक पिस्टन टोकाला अडला तरी दुसरा चाक फिरवतो. सुकाणू चाकाच्या पुढे, बोटीच्या बुडाखाली असतं. चाक उलटं फिरवलं की पाणी थेट सुकाणूवर आदळतं, त्यामुळे मागे जातानाही बोट हाताबाहेर जात नाही. खरी डोकेदुखी वजनाची. चाक नि इंजिनं मागे, बॉयलर पुढे. लाकडी सांगाड्याची दोन्ही टोकं खाली झुकतात आणि मधला भाग वर येतो. म्हणून मध्ये खांब उभारून, त्यांच्या माथ्यावरून लोखंडी सळया टोकापासून टोकापर्यंत ताणतात. सळया सैल पडल्या की फळ्यांचे सांधे उघडून पाणी शिरतं. चाकाच्या फळ्या मात्र लाकडीच ठेवतात: ओंडक्यावर आपटून फळी मोडली तर बदलता येते, दांडा वाकला तर सगळीच फेरी बुडाली.

या मार्गावर बोटी चालवणाऱ्या हबर्ड हार्ट यांच्या ओक्लावाहावरच्या बोटींत हे चाकही मागे उघडं नसे, सांगाड्यातच खाच करून आत बसवलेलं असे. जुन्या फोटोंत ते दिसत नाही म्हणून काहीजण त्यांना पाण्याखालच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) चालणाऱ्या बोटी समजतात. झाडांच्या फांद्या बोटीला घासत, तिथे चाक उघडं ठेवणं वेडेपणाच ठरला असता. रात्री सुकाणूघराच्या छपरावर लोखंडी तव्यात राळेने भरलेली पाइनची लाकडं पेटवून त्या उजेडात वाट काढत. पण खाचेमुळे चाकाची रुंदी कमी, पाणी कोंडलेलं, आणि जिथे वजन जास्त तिथेच बोटीला तरंगवणारा भाग कापलेला. वेग त्यामुळे बेताचाच.